ॲक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर: अवजड कारखान्याच्या पॅनेलरूममध्ये किती कामाचा?

ड्राइव्हचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणांचा) भरणा असलेल्या कारखान्यासाठी ॲक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर (हार्मोनिक म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले, करंटची लहर बिघडवणारे घटक) ही चांगली खरेदी आहे, पण दोन अटींवर. प्रत्येक ड्राइव्हच्या मागे, म्हणजे सप्लायच्या बाजूला, चोक (करंटचे सुळके आवरणारं वेटोळं) हवा आणि फिल्टरचे सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) योग्य जागी, योग्य दिशेने बसलेले हवेत. यातली एक जरी अट चुकली, तरी उत्तम फिल्टरसुद्धा पॅनेलरूम तापवणारं महागडं कपाट होतो. आर्क फर्नेसचा फ्लिकर (दिव्यांचा फडफडाट) किंवा व्होल्टेज मध्येच बसणं हे दुखणं असेल, तर त्यावर हे औषधच नाही.

हे परीक्षण कुठल्या एका मॉडेलचं नाही. ४०० व्होल्टच्या बसला (पॅनेलमध्ये वीज वाटणाऱ्या पट्ट्यांना) समांतर जोडला जाणारा, १०० अँपिअरची तीन मॉड्यूल एका कपाटात असलेला, आयजीबीटीवर (वेगाने उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा ३०० अँपिअरचा फिल्टर आज बहुतेक उत्पादक देतात. त्या वर्गाचं हे मूल्यमापन आहे.

काम थोडक्यात असं. सीटी लोडचा करंट मोजतात, कंट्रोलर त्यातला ५० हर्ट्झचा मूळ भाग बाजूला काढतो आणि उरलेल्या भागाची बरोबर उलटी प्रत इन्व्हर्टर बसमध्ये सोडतो. लोडला हवे ते हार्मोनिक फिल्टरकडून मिळतात, ट्रान्सफॉर्मरकडून फक्त साइन वेव्ह ओढली जाते. हे पडद्यावर बघण्यासारखं असतं. चोक नसलेल्या सहा-पल्स ड्राइव्हचा करंट म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये दोन अणकुचीदार सुळके आणि त्यांच्यामध्ये जवळपास शून्यापर्यंत उतरणारी दरी. चोक टाकला की सुळक्यांचे उंटाच्या पाठीसारखे गोल उंचवटे होतात. फिल्टर चालू केला की इनकमरवर (पॅनेलमध्ये येणाऱ्या मुख्य लाइनवर) स्वच्छ साइन दिसते, आणि तिच्यावर स्विचिंगची बारीक लव.

किती अँपिअरचा घ्यायचा

समजा एका एमसीसीचा (मोटरांना वीज देणाऱ्या पॅनेलचा) लोड १००० अँपिअर आहे आणि करंटची टीएचडी (सगळे हार्मोनिक मिळून मूळ घटकाच्या किती टक्के, ते माप) ४० टक्के. मूळ घटक निघतो १००० भागिले १.०७७ (१ अधिक ०.४ चा वर्ग, याचं वर्गमूळ), म्हणजे ९२८ अँपिअर. हार्मोनिक त्याच्या ४० टक्के, म्हणजे ३७१ अँपिअर. २० टक्के राखीव धरली तर ४५० अँपिअरचा फिल्टर लागतो, ३०० चा पुरत नाही. त्याच फिल्टरकडून पॉवर फॅक्टरही सुधारून घ्यायचा असेल, तर दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज करू नये. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ३७१ अँपिअर हार्मोनिक आणि २०० अँपिअर रिॲक्टिव्ह (पॉवर फॅक्टरसाठी लागणारा करंट) मिळून ४२१ होतात, ५७१ नव्हे. ही चूक कोटेशनमध्ये वरचेवर सापडते आणि तिचा भार ग्राहकाच्या खिशावर पडतो.

याच लोडमुळे व्होल्टेज किती बिघडतं, हेही कागदावर काढता येतं. ट्रान्सफॉर्मर २००० केव्हीए, इम्पीडन्स ६ टक्के, ४०० व्होल्टला पूर्ण करंट २८८७ अँपिअर. हार्मोनिकचा क्रमांक गुणिले ६ टक्के गुणिले त्या हार्मोनिकचा करंट, भागिले २८८७. पाचवा हार्मोनिक २९७ अँपिअर धरला तर ३.१ टक्के, सातवा १५८ अँपिअर असेल तर २.३, अकरावा १११ असेल तर २.५, तेरावा ७४ असेल तर २. इथेही वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की मिळून जवळपास ५ टक्के टीएचडी. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मर्यादांच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत १ केव्हीपर्यंतच्या बससाठी एकूण मर्यादा ८ टक्के आणि एकेका हार्मोनिकसाठी ५ टक्के आहे, म्हणजे हा एक लोड चालून जातो. तसलाच दुसरा त्याच ट्रान्सफॉर्मरवर आला की एकूण मर्यादा ओलांडली जाते आणि पाचवा एकटाच ६ टक्क्यांवर जातो.

अकराव्याचा करंट पाचव्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा आहे, पण व्होल्टेजवरचा त्याचा परिणाम पाचव्याच्या जवळ जातो. बहुतेक फिल्टरांची खरी परीक्षा इथेच होते. माहितीपत्रकात ‘५० व्या हार्मोनिकपर्यंत’ असं ठळक छापलेलं असतं, पण पूर्ण अँपिअर खालच्या क्रमांकांनाच मिळतात. क्रमांक वाढतो तशी क्षमता उतरत जाते, कारण आउटपुटच्या चोकमधून वेगाने बदलणारा करंट ढकलायला डीसी बसचं व्होल्टेज अपुरं पडतं. उत्पादकाकडून क्रमांकानुसार क्षमतेचा तक्ता मागावा. जो देत नाही, त्याच्या ५० व्या हार्मोनिकच्या दाव्याला महत्त्व देऊ नये.

आधी चोक, मग फिल्टर

फिल्टर बसवल्यावर हार्मोनिक कमी व्हायचे सोडून फिल्टर सतत १०० टक्के लोडवर अडकलाय, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. दहापैकी बहुतेक वेळा मूळ चोक नसलेल्या ड्राइव्हमध्ये असतं.

कारण असं. ड्राइव्हच्या तोंडाशी डायोडचा ब्रिज आणि त्यामागे मोठा डीसी कपॅसिटर असतो. तो किती टोकदार करंट ओढेल, हे मागच्या इम्पीडन्सवर ठरतं. ट्रान्सफॉर्मरचं इम्पीडन्स त्या सुळक्यांना थोडा तरी आवर घालत असतं. फिल्टर शेजारी येऊन हार्मोनिक हातात द्यायला लागला, की ड्राइव्हच्या दृष्टीने मागची लाइन जास्त दणकट होते, आणि तो पूर्वीपेक्षा जास्त हार्मोनिक ओढू लागतो. म्हणजे फिल्टर न लावता मोजलेल्या आकड्यावर साइज ठरवली, तर फिल्टर चालू झाल्यावर तो आकडाच बदललेला असतो. दिलं तेवढं कमीच, अशी ती गत.

३ टक्क्यांचा एसी लाइन चोक हा यावरचा स्वस्त उपाय. चोक नसलेल्या ड्राइव्हची टीएचडी पूर्ण लोडवर ८० टक्के आणि त्याहूनही वर जाते. चोकने ती ४० च्या आसपास येते. वरच्याच उदाहरणात ९२८ अँपिअर मूळ घटकावर ८० टक्के म्हणजे ७४२ अँपिअर हार्मोनिक, आणि चोक लावल्यावर ३७१. चोकच्या पैशात ३७१ अँपिअरचा फिल्टर वाचतो. तांब्याच्या वेटोळ्याला ना फॅन, ना सॉफ्टवेअर. काही ड्राइव्हमध्ये डीसी चोक आतच बसवलेला असतो, तिथे बाहेरचा लावायची गरज नसते. पण मॅन्युअल उघडून खात्री करावी, लहान ड्राइव्हमध्ये तो बऱ्याचदा नसतो.

सीटी: जिथे निम्मी कमिशनिंगं फसतात

सीटी फिल्टरच्या पुढे, म्हणजे फक्त लोडच्या बाजूला लावले तर ओपन लूप. इनकमरवर, म्हणजे लोड आणि फिल्टर दोन्हींच्या मागे लावले तर क्लोज्ड लूप. क्लोज्ड लूपमध्ये फिल्टर आपल्या कामाचा निकाल स्वतः बघतो आणि उरलेली चूक दुरुस्त करतो, म्हणून परिणाम चांगला येतो. ओपन लूप जास्त स्थिर, पण सीटीची चूक तशीच्या तशी निकालात उतरते. फिल्टरमध्ये जी पद्धत सेट केली आहे तीच प्रत्यक्ष वायरिंगमध्ये हवी. विचित्र वाटेल, पण हे दोन्ही जुळलेले नसणं सर्रास आढळतं.

दिशा उलटी झाली की काय होतं, ते ओळखायला सोपं आहे. ओपन लूपमध्ये सीटीच्या पी१ आणि पी२ या बाजूंची अदलाबदल झाली, तर फिल्टर हार्मोनिक वजा करण्याऐवजी मिळवतो. इनकमरवरचा पाचवा २५ टक्क्यांवरून थेट ५० वर जातो. क्लोज्ड लूपमध्ये तर फिल्टर स्वतःच्याच करंटमागे धावतो आणि काही क्षणांत पूर्ण क्षमतेवर जाऊन मर्यादेत अडकतो किंवा ट्रिप होतो. तीनपैकी एकाच फेजचा सीटी उलटा असेल तर दोन फेज स्वच्छ आणि एक घाण दिसते. आर फेजचा सीटी वाय फेजच्या टर्मिनलवर गेला असेल, तर निकाल इतका गोंधळाचा येतो की आधी फिल्टरवरच संशय जातो. म्हणून फिल्टर चालू करण्याआधी त्याच्याच पडद्यावर प्रत्येक फेजची पॉवर बघायची. तिन्ही पॉझिटिव्ह आणि साधारण सारख्या असतील तरच पुढे जायचं.

तारेची लांबी हा दुसरा सापळा. सीटीपासून फिल्टर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याला तिचा रोध ०.४२ ओहम होतो, आणि ५ अँपिअर सेकंडरीला नुसत्या तारेतच १०.५ व्हीए जातात. सीटी ५ व्हीएचा असेल तर पूर्ण लोडला तो सॅच्युरेट व्हायला लागतो (त्याचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो) आणि फिल्टरपर्यंत खोटा वेव्हफॉर्म पोचतो. १ अँपिअर सेकंडरीचा सीटी घेतला तर तीच तार अर्ध्या व्हीएच्या आत बसते. अंतर मोठं असेल तर १ अँपिअरच घ्यावा, फिल्टर तो स्वीकारतो का एवढं तपासून. रेशोही लोडला साजेसा हवा. १००० अँपिअरच्या लोडवर ४०००/५ चा सीटी टाकला तर सिग्नल तळाशी राहतो आणि मापाचा बारकावा जातो.

चालू पॅनेलमध्ये स्प्लिट कोअर सीटी बसवणं सोयीचं असतं. पण दोन अर्ध्या भागांच्या तोंडांमध्ये धुळीचा एक कण अडकला तरी फट राहते आणि माप बिघडतं. पुसून, पूर्ण दाबून, लॉकचा आवाज ऐकूनच सोडावा. आणि लोड चालू असताना कुठल्याही सीटीची सेकंडरी उघडी ठेवू नये. आधी शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची दोन टोकं जोडणारी पट्टी), मग स्क्रू ड्रायव्हर.

कपॅसिटर बँकेचा शेजार

साध्या, रिॲक्टर नसलेल्या कपॅसिटर बँकेशेजारी ॲक्टिव्ह फिल्टर लावणं आम्ही कुणालाही सुचवणार नाही. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ज्या हार्मोनिकला फुगवतात, त्या रेझोनन्सचा क्रमांक म्हणजे शॉर्ट सर्किट एमव्हीए भागिले कपॅसिटरचे एमव्हीएआर, त्याचं वर्गमूळ. वरच्या २००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा फॉल्ट लेव्हल, म्हणजे हेच शॉर्ट सर्किट एमव्हीए, ३३.३. त्यावर ६८० केव्हीएआर कपॅसिटर चालू असले की उत्तर येतं ७, म्हणजे थेट सातव्या हार्मोनिकवर. एपीएफसी रिले (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारा) कपॅसिटरचे टप्पे आत-बाहेर करत राहतो तसा हा क्रमांक सरकत राहतो आणि दिवसातून कधीतरी नेमका पाचव्या किंवा सातव्यावर येऊन थांबतो. फ्यूज उडतात, कपॅसिटरचे डबे फुगतात.

कपॅसिटरच्या मालिकेत लावलेला ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर (चोक) या जोडीचा रेझोनन्स १८९ हर्ट्झवर आणतो, पाचव्याच्या २५० हर्ट्झपेक्षा बरीच खाली. मात्र त्यामुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के वाढतं. ४०० व्होल्टची लाइन असेल तर कपॅसिटरच्या टोकांना ४३०, त्यात लाइनचे चढउतार आणि हार्मोनिक वेगळे. म्हणून ५२५ व्होल्टचे कपॅसिटर घेतात. पण ५२५ व्होल्टला १०० केव्हीएआर लिहिलेला कपॅसिटर ४०० व्होल्टला ५८ च देतो, आणि ७ टक्के रिॲक्टरसह ६२. पाटीवरच्या आकड्यांची बेरीज करून बँक घेतली, तर पॉवर फॅक्टर कायम कमी पडतो आणि दोष फिल्टरवर जातो.

फिल्टर आणि एपीएफसी रिले या दोघांनाही पॉवर फॅक्टर सांभाळायला लावू नये. फिल्टर पॉवर फॅक्टर एकवर नेतो, रिलेला वाटतं काम झालं, तो टप्पे काढतो, मग फिल्टरवर भार येतो आणि हार्मोनिकसाठी अँपिअर उरत नाहीत. फिल्टरमध्ये हार्मोनिकला पहिलं प्राधान्य द्यावं आणि केव्हीएआरचं काम बँकेकडे ठेवावं.

तसं बघता पॉवर फॅक्टरमध्ये हार्मोनिकचा स्वतःचा वाटा असतोच. कॉस फाय (फक्त ५० हर्ट्झच्या भागाचा पॉवर फॅक्टर) ०.९७ असूनही टीएचडी ४० टक्के असेल, तर खरा पॉवर फॅक्टर ०.९० येतो. हा फरक कितीही कपॅसिटर लावून भरून निघत नाही. तिथे फिल्टरच लागतो.

उष्णता आणि धूळ

नुकसान साधारण क्षमतेच्या २ ते ३ टक्के. ३०० अँपिअर म्हणजे २०८ केव्हीए, अडीच टक्क्यांनी पाच किलोवॅटच्या वर उष्णता. एवढी उष्णता हवा १० अंश तापू देऊन बाहेर काढायची, तर ताशी दीड हजार घनमीटरहून जास्त हवा लागते. बंद खोलीत कपाट ठेवलं की तीच गरम हवा फिरत राहते. बहुतेक मॉड्यूल ४० अंशांनंतर स्वतःची क्षमता उतरवायला लागतात, आणि हे पडद्यावर एका बारीक ओळीत दिसतं. ३०० चे पैसे मोजून २२० चं काम मिळतं, कुणाच्या लक्षातही येत नाही.

रोलिंग मिलची मिलस्केल (गरम लोखंडावरून सुटणारे पापुद्रे), फाउंड्रीची काजळी, सिमेंटची भुकटी हीटसिंकच्या पंखांमध्ये थर धरते. त्यातली लोखंडी धूळ वीज वाहते, म्हणून पीसीबीवर कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक लेप) आहे का ते लेखी विचारावं. फिल्टर स्वच्छ हवेचा दाब राखलेल्या वेगळ्या खोलीत ठेवणं, हे जास्त आयपी रेटिंगचं (धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाचं) बंद कपाट घेण्यापेक्षा आम्हाला बरं वाटतं. डीसी कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. एअर फिल्टरची जाळी महिन्याला, फॅनचा आवाज आणि वेग तिमाहीला, बसबारचे बोल्ट वर्षाला. मॉड्यूल उघडण्याआधी डिस्चार्जची वेळ पाळणं सक्तीचं, डीसी बसवर ७०० ते ८०० व्होल्ट असतात. पाटीवर लिहिलेली मिनिटं थांबून, मीटरने शून्य बघूनच हात घालावा.

कुठे घेऊ नये

आर्क फर्नेसमध्ये स्क्रॅप वितळताना करंट क्षणाक्षणाला उड्या मारतो. दिव्यांचा फडफडाट ८.८ हर्ट्झच्या आसपास डोळ्याला सर्वांत जास्त खुपतो, आणि भट्टीचे चढउतार नेमके त्याच पट्ट्यात येतात. हा दहा-दहा एमव्हीएआरच्या रिॲक्टिव्ह उड्यांचा खेळ, मध्यम व्होल्टेजवरचा. एसव्हीसी (रिॲक्टिव्ह पॉवर कमी-जास्त करणारी यंत्रणा) थायरिस्टरच्या फायरिंगला बांधलेला असल्याने त्याला अर्ध्या सायकलपर्यंत थांबावं लागतं आणि फ्लिकर साधारण निम्म्यावर येतो. त्याहून जास्त हवं असेल तर स्टॅटकॉम, म्हणजे तेच काम इन्व्हर्टरने वेगाने करणारी यंत्रणा. ४०० व्होल्टचे फिल्टर ओळीने लावून हे काम होत नाही.

इंडक्शन फर्नेसमध्ये वेगळी अडचण. पॉवरसोबत इन्व्हर्टरची फ्रीक्वेन्सी बदलते आणि इंटरहार्मोनिक तयार होतात, ५० च्या पटीत न बसणारे. क्रमांक धरून काम करणारा फिल्टर त्यांना पकडत नाही. थायरिस्टर डीसी ड्राइव्हच्या व्होल्टेज नॉचिंगवरही (लहरीत पडणाऱ्या खाचांवरही) आधी लाइन रिॲक्टर, मग बाकीचं. सॅगमध्ये, म्हणजे व्होल्टेज क्षणभर बसल्यावर, काँटॅक्टर पडत असतील तर कंट्रोल सप्लायला छोटा यूपीएस किंवा सॅग करेक्टर द्यावा. फिल्टरचा त्याच्याशी संबंध नाही.

नवी मोठी ड्राइव्ह घ्यायचीच असेल आणि ती ब्रेकिंगमध्ये वीज परत देणारी असेल, क्रेन किंवा मिल स्टँडसारखी, तर ॲक्टिव्ह फ्रंट एंड ड्राइव्ह (तोंडाशी डायोडऐवजी आयजीबीटी असलेली) घेणं सरळ. जुन्या कारखान्यात दोन ट्रान्सफॉर्मर असतील, तर एक डेल्टा-डेल्टा आणि दुसरा डेल्टा-स्टार ठेवून ड्राइव्हचा लोड सारखा वाटून बघावा. ३० अंशांच्या फरकामुळे पाचवा आणि सातवा वरच्या बसवर एकमेकांना खोडतात. खर्च नगण्य. लोड असमान झाला की फायदा कमी होतो, तरी सुरुवात इथून करावी.

स्वीकृती चाचणी आणि ऑर्डर

फिल्टर कुठे जोडला, त्याच्या मागच्या भागालाच फायदा होतो. इनकमरवर लावला तर ट्रान्सफॉर्मर थंड होईल, पण एमसीसीपर्यंतच्या केबल तशाच तापतील. केबलची तक्रार असेल तर फिल्टर मोठ्या ड्राइव्हच्या एमसीसीवर हवा.

मोजमाप आयईसी ६१०००-४-३० च्या क्लास ए ॲनालायझरने, १० मिनिटांच्या सरासरीवर, एक पूर्ण आठवडा. त्याशिवाय एकाच लोडवर, पाच मिनिटांच्या आत फिल्टर बंद आणि चालू असं दोन्ही माप घ्यावं, टक्क्यांत नव्हे तर प्रत्येक क्रमांकाच्या अँपिअरमध्ये. रात्री लोड २० टक्क्यांवर आला की टीएचडी १२ टक्के दिसते आणि वाद सुरू होतो, पण अँपिअर नगण्य असतात. म्हणून आयईईई ५१९ करंटची मर्यादा टीडीडीवर, म्हणजे महत्तम मागणीच्या करंटच्या तुलनेत ठरवतं. शॉर्ट सर्किट आणि लोड करंटचं गुणोत्तर २० च्या खाली असेल तर ५ टक्के, २० ते ५० मध्ये ८, ५० ते १०० मध्ये १२. सगळा लोड बंद करूनही व्होल्टेजची टीएचडी ४ टक्के दिसत असेल, तर ती लाइनमधून आलेली आहे. ती घालवण्याचं वचन कुणी देत असेल तर आधी हिशेब मागावा.

ऑर्डरमध्ये लिहून घ्यायच्या गोष्टी: क्रमांकानुसार क्षमतेचा तक्ता, ४५ अंशांवर मिळणारे अँपिअर, एक मॉड्यूल बंद पडलं तरी बाकीची चालू राहतील याची हमी, प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा फ्यूज, सुटे फॅन आणि एक कंट्रोल कार्ड जागेवर. जनरेटरवर चालायचं असेल तर तेही स्पष्ट लिहावं. जनरेटरचं इम्पीडन्स ट्रान्सफॉर्मरहून कितीतरी जास्त असतं, तिथे फिल्टरची सेटिंगं वेगळी लागतात आणि सीटी दोन्ही सप्लायमध्ये लोड बघू शकतील अशा जागी हवेत. शेवटचं बिल चालू-बंद मापाच्या त्या दोन छापील पानांवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच द्यावं.